लालमियाँची जाकडावरची मशीन

मशीन चांगली आहे असं कुणी तोंडावर म्हटलं की लालमियाँ मिस्त्रींचं डोकं फिरायचं. हे मी ऐकीव सांगत नाही. टेंभुर्णीत बसस्टँडच्या मागं त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे आणि माझा टेम्पो निम्मा वेळ त्यांच्याच दारात उभा असतो. ते कडबाकुट्टी बनवतात. म्हणजे कडबा, मका, गवत काहीही घातलं की बारीक तुकडे करून देणारी विजेवरची मशीन. ती गावोगाव पोचवायचं काम माझं. जाफराबाद आणि भोकरदन तालुक्यांत असा रस्ता नसेल जिथं आम्ही दोघं शेजारी बसून भांडलेलो नाही. ते मला गाणी लावू देत नाहीत, मी तंबाखू सोडत नाही. चाललंय आपलं.

तर कौतुकाचं सांगत होतो. एखादा शेतकरी चहा देता देता म्हणाला, "मिस्त्री, मशीन एक नंबर हाय," की हे गृहस्थ कप खाली ठेवणार आणि म्हणणार, तारीफ ऐकायला मी एवढ्या लांब आलो का? घरी त्यांच्या बायको, आमच्या रहिमुन्निसाचाची, त्यांची किती तारीफ करतात ते सगळ्या गल्लीला माहीत आहे, तो भाग सोडा. त्यांना हवी असायची तक्रार. बोल्ट कुठं टोचतो, बटण कुठल्या बाजूला पाहिजे होतं, चाक कशानं अडतं. तक्रार ऐकताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की सांगणाराच चपापायचा.

त्यासाठी त्यांनी जाकडाची पद्धत धरली होती. जाकड आमच्याकडं कपड्याच्या दुकानातलं. लग्नघरी पाच-सहा साड्या जाकड न्यायच्या, पसंत पडली ती ठेवायची, बाकीच्या परत. लालमियाँनी तोच कायदा लोखंडाला लावला. नव्या घडणीची मशीन आधी विकायचीच नाही. ओळखीच्या दोन-तीन घरी जाकड ठेवायची, एक हंगाम वापरू द्यायची, मग जाऊन बसायचं आणि काय काय खुपलं ते ऐकून घ्यायचं. त्याप्रमाणे दुरुस्ती करायची आणि मगच बाकीच्या बनवायच्या. यात एक नियम पक्का होता. जाकड एकदा घरात गेली की ठेवायची का परत द्यायची हे घरवाल्यानं ठरवायचं. मिस्त्रीनं दिलेली चीज मिस्त्रीनं मधेच मागायची नाही. बाकीचे वेल्डर हसायचे त्यांना. ते बाहेरची मशीन समोर ठेवून तिची नक्कल मारायचे आणि वर स्वतःच्या नावाची पाटी ठोकायचे.

पहिली जाकड नेहमी धावड्याला, रखमाजींच्या घरी. रखमाजींचा गोठा मोठा आणि तोंड गोठ्यापेक्षा मोठं, म्हणून लालमियाँना तो माणूस फार आवडायचा. अंगणातल्या बाजेवर मांडी घालून ते मशीनची एकेक खोट काढायचे. शेजारी त्यांचा मुलगा कल्याण उभा राहून बापाच्या प्रत्येक वाक्याला "बराबर" म्हणायचा. कल्याणचं लग्न होऊन तीनेक वर्षं झाली होती. मूल नव्हतं. त्याची बायको सत्यशीला चहा आणून ठेवायची आणि दाराआड जाऊन उभी राहायची, आणि सासू उषाबाई तिला लगेच दुसरं काही काम सांगायच्या. कुट्टी करायची सत्यशीला. सकाळ-संध्याकाळ सगळ्या जनावरांची वैरण तीच कापायची. हे मला माहीत होतं, लालमियाँना माहीत होतं, गावाला माहीत होतं. पण मशीनबद्दल विचारायचं ते रखमाजींना. परक्या माणसानं दुसऱ्याच्या सुनेला सासऱ्यासमोर काही विचारावं, अशी आमच्याकडं रीत नाही. सुनेनं त्याला उत्तर द्यावं अशी तर बिलकुल नाही.

गेल्या हंगामात आम्ही असेच तक्रारी ऐकायला गेलो. या मशीनला पुढं पत्र्याची पन्हळ असते. तिच्यात वैरणीची पेंढी ठेवायची, आतले दोन दातेरी रोलर ती ओढून घेतात आणि पात्यांपुढं देतात. लालमियाँनी ती पन्हळ मुद्दाम लांब ठेवली होती. माणसाचा हात कितीही आत घातला तरी रोलरला लागूच नये, असा हिशेब.

"पन्हळ लई लांब करून ठेवली तुमी," रखमाजी म्हणाले. "आतपर्यंत हात पुरत न्हाई. वीतभर कापा."

हात पुरू नये म्हणूनच ती तशी आहे, हे लालमियाँनी नीट समजावून सांगितलं. त्यावर रखमाजींनी विचारलं की मशीन वापरणारे आम्ही का तुम्ही. कल्याण बराबर म्हणाला. पुढं जाफराबादकडं आणखी दोन घरी जाकड होती, तिथंही बाजेवरून हेच ऐकायला मिळालं. हात पुरत नाही, पन्हळ कमी करा. येताना लालमियाँ गुडघ्यावर वीत मोजत बसले होते. मी म्हटलं, चाचा, तीन घरं एकच सांगून राह्यली तर विचार कशाचा करता. ते म्हणाले की विचार नाही करत, वापरणारा म्हणतो ते खरं धरायचं हाच धंदा आहे आपला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पन्हळ वीतभर कापली, कडा घासून गुळगुळीत केली आणि ती मशीन पुन्हा तिन्ही घरी जाकड दिली. तिन्ही घरं खूश. त्यानंतर तशाच मशिनी बनत गेल्या आणि मी पोचवत गेलो. माझ्या टेम्पोला त्या हंगामात उसंत मिळाली नाही.

मशिनी आजूबाजूच्या गावांत पसरल्यावर धावड्याहून फोन आला. सत्यशीलेचा उजवा हात कुट्टीत गेला होता.

आम्ही जालन्याला पोचलो तोवर डॉक्टरांनी कोपराखालून हात काढून टाकला होता. दवाखान्याच्या पायऱ्यांवर रखमाजी आणि कल्याण बसलेले. लालमियाँ त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. मला वाटलं, आता शिव्या पडतील, कदाचित अंगावर पण येतील, आणि मी मधे पडायच्या तयारीत होतो. तसं काही झालं नाही. कल्याणनं त्यांना बसायला जागा करून दिली.

"तुमच्या मशीनला काय झालं, मिस्त्री? मशीन बराबर हाय," तो म्हणाला. "तिचंच ध्यान न्हवतं."

रखमाजींनी मान डोलावली. बायकांचं लक्ष थाऱ्यावर नसतं, पदर सांभाळता येत नाही, असलं काहीबाही बोलले. आणि सकाळची वैरण त्याच मशीनवर कापून आलोय, जनावरं उपाशी ठेवता येतात का, असंही सांगितलं. मला कल्याणच्या मुस्काटात मारावीशी वाटली. अजूनही वाटते. बायको आत गुंगीत पडलेली आणि हा मशीनला चांगल्या वागणुकीचं सर्टिफिकेट देऊन राह्यला. लालमियाँना तर ते शिवीपेक्षा जास्त लागलं. उभं आयुष्य ज्यानं तक्रार मागितली त्याला ज्या दिवशी ती कायमची मानेवर घ्यायची होती त्या दिवशी ती कुणी करेना.

रहिमुन्निसाचाची सोबत आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याला काही विचारलं नाही. पिशवीत थर्मास आणि बिस्किटं घेऊन सरळ बायकांच्या वॉर्डात गेल्या आणि दुपारभर तिथंच बसल्या. दुसऱ्या दिवशी गेल्या, तिसऱ्या दिवशीही. पुरुषांना आत जाऊ देत नव्हते, म्हणून आम्ही दोघं बाहेर निंबाखाली. तिसऱ्या दिवशी परत येताना चाची टेम्पोत आमच्या मधे बसल्या होत्या. राजूर मागं पडल्यावर त्या बोलायला लागल्या.

सत्यशीलेचं म्हणणं असं. पेंढी रोलरमध्ये गेली की सरसर ओढली जाते, पण शेवटची मूठ ओढली जात नाही. मागचं चिपाड हलकं पडतं, रोलरच्या दातांना सापडत नाही, तिथंच नाचत राहतं. दर पेंढीला तसं. ते तसंच सोडलं तर पन्हळ तुंबते आणि वाया गेलं म्हणून सासू बोलते. म्हणून ते हातानं लोटावं लागतं. हे तिनं घरात सांगितलं होतं, मशीन पहिल्यांदा आली तेव्हाच. सासूला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. शेवटची मूठ ओढत नाही, लोटायला जावं तर हात पुरत नाही, मिस्त्री आले की सांगा. सासूकडून ते सासऱ्याकडं गेलं आणि सासऱ्यानं बाजेवरून सांगितलं ते एवढंच, की हात पुरत नाही, पन्हळ कापा.

"उनो बोली थी जी," चाची नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या. "घर में सबकू बोली थी. एक तुम नईं पूछे."

लालमियाँनी मला टेम्पो थांबवायला लावला. उतरून ते रस्त्याकडेच्या एका फरशीवर बसले. मी तंबाखू मळायला घेतली आणि तशीच टाकून दिली. खोट रोलरमध्ये होती. रोलर खाली दाबून धरला असता, एक स्प्रिंग बसवली असती, तर शेवटची मूठ आपोआप गेली असती आणि पन्हळीला हात लावायची गरजच पडली नसती. त्याऐवजी त्यांनी तिचा हात रोलरपर्यंत पुरेल अशी सोय करून दिली होती. फार मन लावून, कडा घासून करून दिली होती. ते त्या फरशीवर बसून रडले. मी त्यांना त्याआधी रडताना कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही विकलेल्या मशिनींमागं फिरायला लागलो. लालमियाँनी लांब पन्हळी आणि स्प्रिंगा तयार केल्या, टेम्पोत वेल्डिंगचा संच टाकला, आणि या वेळी चाची सोबत. मी आणि मिस्त्री अंगणात, चाची आत चुलीजवळ. आत काय काय निघालं ते ऐकून लालमियाँ रोज थोडे म्हातारे होत गेले. बांगड्या पन्हळीच्या कडेला अडकतात. बटण इतकं उंच आहे की ठेंगण्या बाईला पायाखाली पाट घ्यावा लागतो. पोरं चाकाच्या जाळीत बोटं घालतात आणि त्यांना हाकलायला हात मोकळा नसतो. जवळजवळ प्रत्येक घरात शेवटच्या मुठीचं रडगाणं होतं, आणि अंगणातल्या एकाही पुरुषानं ते आम्हाला सांगितलेलं नव्हतं. काही ठिकाणी तर दुरुस्तीच करू देईनात. चांगली चाललीय मशीन, तुम्ही कशाला हात लावता, म्हणायचे. एका ठिकाणी लालमियाँ मालकाच्या पाया पडले तेव्हा कुठं त्यानं मशीन बंद केली.

रखमाजींच्या घरी आम्ही सगळ्यात आधी गेलो होतो. त्यांनी मशीनला हात लावू दिला नाही. आता कुट्टी कल्याण करतो, पुरुषमाणसाला काही होत नाही, म्हणाले. मग सत्यशीलेचा विषय निघाला. ती दवाखान्यातून घरी आली होती आणि आत कुठंतरी होती, आम्हाला दिसली नाही. रखमाजी ती ऐकेल याची पर्वा न करता बोलत होते. दिवाळीपर्यंत बघू. गोठा, वैरण तिला जमतंय का ते बघू. जमलं तर राहू दे, नाही तर जांब समर्थला तिच्या भावाकडं पोचवू. पोराला अजून लेकरू नाही, त्याचाही विचार केला पाहिजे. कल्याण त्या दिवशी बराबर म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही, आणि मला ते त्याहून घाण वाटलं.

परत आल्यावर लालमियाँ नव्या मशीनला लागले. तसं खपून काम करताना मी त्यांना पाहिलेलं नाही. रोलरला स्प्रिंग, शेवटच्या काडीपर्यंत ओढणारी. लांब पन्हळ. बटण कमरेच्या उंचीवर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दोन दांडे, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. पेंढी पन्हळीत ठेवायची, मग दोन्ही हातांनी दोन्ही दांडे दाबायचे, तरच रोलर फिरणार. एक जरी हात सुटला तरी रोलर जागच्या जागी बंद. म्हणजे मशीन चालू असताना हात आत जाणं शक्यच नाही, कारण दोन्ही हात बाहेर गुंतलेले. या वेळी पारख बायकांनी केली. चाचींनी गल्लीतल्या बायका बोलावल्या, हिंदू-मुसलमान सगळ्या, आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांनी आठवडाभर मशीन चालवून पाहिली. पदर डोक्यावर घेऊन, बांगड्या घालून, दमून आलेल्या असताना. त्यांनी सांगितलं ते ते लालमियाँ बदलत गेले. शेवटी बायका म्हणाल्या की आता काही राहिलं नाही. लालमियाँना त्यावर राग आला नाही. मला म्हणाले, "हरिओम, ही पहिली धावड्याला. त्या पोरीच्या घरातून ती जुनी काढायची हाय मला."

आम्ही धावड्याला पोचलो तेव्हा गोठ्यात कुट्टी चालू होती. जुन्याच मशीनवर, त्याच आखूड पन्हळीच्या. सत्यशीला चालवत होती. डाव्या हातानं पेंढी उचलायची, उजव्या थोट्या हातानं ती कुशीत दाबून धरायची, आणि डाव्या हातानं आत सरकवायची. शेवटची मूठ राहिली की अंग मागं ठेवून फक्त बोटांनी टोचायची. चाचींनी डोळे मिटून घेतले. उषाबाई बाहेर आल्या आणि कौतुकानं सांगू लागल्या की आता सगळं जमतं तिला, शेणसुद्धा काढते. सत्यशीलेचा चेहरा उजळला होता. दिवाळी जवळ आली होती आणि ती परीक्षा देत होती, हे मला तेव्हा कळलं. कल्याणचं कुट्टी करणं केव्हाच संपलं होतं.

नवीन मशीन उतरवून जोडली. रखमाजी बाजेवर येऊन बसले. लालमियाँनी सगळं दाखवलं, शेवटची मूठ कशी जाते ते दाखवलं, हात सुटला की रोलर कसा थांबतो ते दाखवलं. आणि मग त्यांनी या भागात कुणी केली नसेल ती गोष्ट केली. सासऱ्यासमोर, नवऱ्यासमोर ते सत्यशीलेकडं वळले आणि म्हणाले, "बेटा, वापरायची तुला हाय. तू चालवून बघ आन तूच सांग."

रखमाजींच्या कपाळावर आठी आली. पण चाचींनी तिला पुढं आणलं. तिनं डाव्या हातानं पेंढी उचलून पन्हळीत ठेवली. डावा दांडा दाबला. मग ती उजव्या दांड्याकडं बघत राहिली.

लालमियाँच्या तोंडावरचा रंग गेला. तिचा हात तुटला त्याच्यासाठी त्यांनी ही मशीन केली होती आणि तो हात तुटलेला आहे एवढंच विसरले होते. मीही विसरलो होतो, चाचीही. आठवडाभर गल्लीतल्या बायकांनी चालवून पाहिली, त्या सगळ्या धडधाकट. आम्ही तिघंही तिचा हात जाण्याच्या आधीच्या दिवसासाठी मशीन बनवत बसलो होतो.

"ही दोन हातांची हाय, चाचा," ती हळू म्हणाली. "जुनीवर माझं चालतंय. जुनी नेऊ नका."

लालमियाँ घाईनं म्हणाले की बरोबर आहे, चूक माझी, ही मी परत नेतो आणि हिच्याजोगी करून आणतो. ते मला टेम्पोतून पाने-पक्कड आणायला सांगू लागले. पण रखमाजी बाजेवरून उठले होते. त्यांनी कल्याणला दांडे दाबायला लावले, एक पेंढी घातली, दुसरी घातली, खालची कुट्टी मुठीत घेऊन पाहिली. एवढी बारीक, एवढी साफ कुट्टी त्यांच्या गोठ्यात कधी झाली नव्हती.

"न्यायची कशाला?" ते म्हणाले. "जाकड घरात आली. ठेवायची का न्हाई ते आमी ठरवायचं, तुमचाच कायदा हाय, मिस्त्री. ही आमाला पटली. जुनी टेम्पोत घालून घेऊन जा."

लालमियाँनी पुष्कळ सांगितलं. दोन्ही ठेवा म्हणाले. फक्त थोडे दिवस द्या, पायानं चालणारी करून देतो म्हणाले. रखमाजी म्हणाले की गोठ्यात दोन मशिनींना जागा नाही, आणि ती जुनी हातखाऊ मशीन घरात नको असं तुम्हीच बोंबलत फिरत होता ना. कल्याणनं आणि एका गड्यानं जुनी मशीन उचलून माझ्या टेम्पोत टाकली. मी फळी लावायला मुद्दाम वेळ लावला, दुसरं काय करणार होतो. आपण ज्यासाठी फिरत होतो ते सगळं झालं होतं. घातक मशीन घराबाहेर आली, सुरक्षित मशीन आत गेली, आणि घरवाले खूश होते. सत्यशीला गोठ्याच्या मेढीला धरून उभी होती. तिनं आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

पायाची मशीन करायला लालमियाँनी अंगातलं होतं नव्हतं ते ओतलं. मधे त्यांना ताप आला, चाचींनी शिव्या घातल्या, तरी दुकानात येऊन बसायचे. उजवा हात पाठीमागं फडक्यानं बांधून ते मशीन चालवून बघायचे, पुन्हा सोडायचे, पुन्हा जोडायचे. दिवाळीचे फटाके वाजत असताना ती तयार झाली. पन्हळीवर झाकण, झाकणाची मूठ डाव्या हातानं दाबायची, खालची पट्टी पायानं. दोन्ही दाबलं तर रोलर फिरणार, एक सुटलं की थांबणार.

सत्यशीला ही एका हातानं चालवू शकते असं लालमियाँनी सांगितलं, तरी धावड्याला रखमाजींनी ती उतरवूच दिली नाही. सत्यशीलेला पाडव्याच्या आधी भाऊ घेऊन गेला होता. ही दोन हातांची एक नंबर चालते, तिची आता गरज नाही, असं ते म्हणाले. ती म्हणजे कोण, मशीन का सून, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. लालमियाँनी माझा दंड धरला.

जांब समर्थ म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. तिचा भाऊ भागवत मोलमजुरी करणारा भला माणूस, पण त्याच्याकडं जनावर म्हणजे एक शेळी. तिच्यासाठी कुट्टी मशीन म्हणजे थट्टाच होती. तरी आम्ही ती त्याच्या दारात उतरवली आणि शेजारच्याकडून कडब्याच्या पेंढ्या मागून आणल्या. सत्यशीला बाहेर आली. बरीच वाळली होती. मशीन पाहिल्याबरोबर ती कामाला लागली, कुणी सांगायची वाट बघितली नाही. एक पेंढी, दुसरी, तिसरी. सगळी शेवटच्या काडीपर्यंत गेली. आणि ती बोलायला लागली. सासर नव्हतं, सासरा नव्हता, ती बोलतच सुटली. पट्टी जरा डावीकडं पाहिजे, म्हणजे अंगाचा तोल जात नाही. मूठ गोल नको, चपटी करा. झाकण पावसाळ्यात ओल्या गवताला चिकटेल. लालमियाँ जमिनीवर उकिडवे बसून ऐकत होते आणि खडूनं पत्र्यावर खुणा करत होते. अशी पारख त्यांच्या मशीनची कुणी केली नव्हती.

मग चालवता चालवताच तिनं विचारलं, "चाचा, ही धावड्याला दाखवली का?"

लालमियाँचा खडू थांबला. "दाखवायला नेल्ती," ते म्हणाले.

"मी चालवू शकते असं सांगितलं का त्यायला?"

"सांगितलं."

"मंग काय म्हणले?"

चाचींनी लालमियाँकडं पाहिलं. त्यांनी खोटं बोलावं असं मला फार वाटत होतं. पण त्या माणसाला मशीनबद्दल खोटं बोलता येत नाही.

"गरज न्हाई म्हणले, बेटा."

पेंढी अर्धी आत गेली होती. मग तिनं पट्टीवरचा पाय काढला आणि रोलर थांबला.